मोटर बरोबर होती

टेपरेकॉर्डरची मोटर पळतेय, असंच मला वाटलं. बेल्ट मी नवा टाकला होता, हेड स्पिरिटने पुसलं होतं, पिंच रोलर साफ केला होता, आणि तरी आतून जे बाहेर येत होतं ते माणसाच्या बोटांचं काम वाटत नव्हतं. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. घड्याळजीचा स्क्रू-ड्रायव्हर त्यात घालून वेग कमी-जास्त करता येतो. तो मी आत घातला, पण फिरवण्याआधी खात्री करावी म्हणून माझी ठेवणीतली कॅसेट काढली. तिच्यात आमच्या भजनाच्या पेटीचा काळी दोनचा सूर नुसता भरून ठेवला होता. दुरुस्तीला आलेल्या टेपवर ती लावायची आणि शेजारी पेटीवर काळी दोन दाबायची. सूर जुळला तर मोटर ठीक, चढा आला तर पळतेय, उतरला तर मरतेय. मोठ्या शहरांतल्या मेकॅनिकांकडे कंपनीच्या टेस्ट कॅसेटी असायच्या. माझ्याकडे पेटी होती.

सूर तंतोतंत जुळला. मोटर बरोबर होती. म्हणजे आतला माणूस, जो कोणी होता तो, खरोखरच तेवढ्या वेगाने वाजवत होता.

ही परंड्याची गोष्ट, नव्वदच्या दशकातली. परंडा कुठे आहे हे सांगत बसत नाही. किल्ला बहुतेकांना माहीत असतो, नाहीतर निदान मुलूखमैदान तोफ तरी. नगरला १५४९मध्ये ओतलेली ती तोफ आमच्या किल्ल्यात होती आणि पुढे आदिलशाहीत विजापूरला गेली. गावातला सगळ्यात मोठा आवाज तेव्हाच बाहेर गेला, असं आमचे एक मास्तर म्हणायचे. बाकी गाव भजनाचं. पैठणहून निघालेली नाथांची पालखी आमच्याकडून पंढरपूरला जाते, डोमगावला कल्याणस्वामींचा मठ आहे, हंसराजस्वामी तर परंड्याचेच. माझे वडील भजनात पखवाज वाजवायचे, मग मी वाजवू लागलो. पोटासाठी स्टँडच्या रस्त्याला रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. गाणी भरून देण्याचाही धंदा होता. कोरी कॅसेट आणि यादी द्यायची, दोन दिवसांनी न्यायची. एवढं पुरे.

टेप सीना-कोळेगाव धरणाच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअर साहेबांचा होता. बेल्ट सैल झालेला, आवाज डुलत होता. कॅसेट आतच राहिली होती, वरचं कव्हर नव्हतं, लेबल झिजलेलं. त्यामुळे मी ऐकलं ते नाव-गाव काहीच माहीत नसताना. आज वाटतं, हे फार बरं झालं. 'अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेलं फ्यूजन' असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी कपाळाला आठी घालूनच बसलो असतो.

तबला ओळखू आला. घटम कळलं नाही, कुणीतरी मडकं वाजवतंय एवढंच वाटलं, आणि तेच खरं निघालं. व्हायोलिन दक्षिणेकडचं आहे हे रेडिओमुळे कळलं. चौथं वाद्य मात्र समजेना. आमच्या भजनातले गाणारे तात्या रोज दुपारी दुकानात येऊन बसायचे. त्यांना विचारलं.

"बेंजो हाय," तात्या म्हणाले.

मलाही तसंच वाटत होतं. आमच्या भागात लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टी असते. बटणांचा, करंट लावलेला बेंजो आणि ढोल-ताशा. त्यातला एखादा वाजवणारा असा तयार असायचा की नवरदेव घोड्यावर थांबायचा आणि लोक बेंजोभोवती गोळा व्हायचे. आमच्या आयुष्यातली सगळ्यात जलद बोटं तीच. पण बेंजोवर मींड येत नाही, आणि इथे तर स्वर ओढला जात होता.

साहेब टेप न्यायला आले तेव्हा मी पैशांचं बोलण्याआधी तेच विचारलं. ते हसले. "गिटार आहे, मिस्त्री. जॉन मॅकलॉफ्लिन. इंग्लिश माणूस."

"आणि तबला?"

"झाकीर हुसेन."

"आपले?"

"आपलेच."

त्यांनी बिलाच्या पाठीवर नावं लिहून दिली. ग्रुपचं नाव शक्ती. गिटारवर मॅकलॉफ्लिन, व्हायोलिन एल. शंकर, घटम विक्कू विनायकराम, मृदंगम रामनाड राघवन आणि झाकीर. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या साउथ हॅम्प्टन कॉलेजात झालेला कार्यक्रम, रेकॉर्ड निघाली १९७६मध्ये. तारखा-बिरखा मला पुढे कळल्या. त्या दिवशी मी एकच विनंती केली: एक रात्र कॅसेट ठेवू द्या. साहेबांनी ठेवू दिली. माझ्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर सगळी बसली. एका बाजूला 'जॉय' आणि 'लोटस फीट', दुसऱ्या बाजूला एकच लांब चीज, जवळजवळ अर्ध्या तासाची. साहेबांची पुढे बदली झाली आणि ते कुठे गेले ते कळलं नाही. कॅसेट राहिली.

वेगाने मी थक्क झालो होतो खरा. पण वेग चार दिवसांत जुना होतो. लोडशेडिंगच्या रात्री गाडीच्या बॅटरीवर टेप लावून मी मांडीवर मात्रा मोजत ऐकायला लागलो, तेव्हा दुसरीच गोष्ट लक्षात आली. हा गिटारवाला हिशेबाचा होता. समजा पाच स्वरांचा तुकडा आहे आणि ठेका चारचा. तुकडा पहिल्यांदा मात्रेवर पडतो, दुसऱ्यांदा सरकतो, तिसऱ्यांदा आणखी सरकतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सुटला आता. पण चार वेळा पाच म्हणजे वीस आणि पाच वेळा चार म्हणजेही वीस. तुकडा बरोबर घरी येतो. पखवाजवाल्याला हे नवीन नाही. परणी-तिहाया आम्ही लहानपणापासून पाठ करतो. पण आम्ही पाठ करतो. हा तिथल्या तिथे करत होता, कारण व्हायोलिनवाल्याने आधीच्या क्षणी काय टाकलंय त्यावर याचा तुकडा ठरत होता. ते पाठ कसं असणार? 'उपज' आपण ज्याला म्हणतो ती हीच.

आणि गिटारवर ही उपज करणं म्हणजे काय, ते दुरुस्तीवाला म्हणून मला पुढे नीट समजलं. साध्या गिटारचे पडदे पट्टीत ठोकलेले असतात आणि पट्टी सपाट. तार दाबली की बोट लाकडाला टेकतं. स्वर ओढायला वाव फार थोडा. म्हणून याने गिब्सन कंपनीच्या गिटारवर एब्राहम वेक्टर नावाच्या कारागिराकडून काम करवून घेतलं. दोन पडद्यांमधलं लाकूड खोल कोरून काढलं, म्हणजे बोट अधांतरी राहतं आणि तार दाबून, ओढून स्वर चढवता येतो. शिवाय मुख्य तारांच्या खालून तिरप्या सात तारा बसवल्या, तरफांचं काम करायला. ज्याला पाश्चात्त्य संगीतात नाव मिळालेलं आहे, जॅझमधल्या मायल्स डेव्हिससारख्याने १९६९मध्ये ज्याला आपल्या रेकॉर्डवर घेतलं आणि 'बिचेस ब्रू'मधल्या एका तुकड्याला ज्याचं नावच देऊन टाकलं, त्याने वाद्य कोरत बसायचं आणि वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्यासमोर वीणा शिकायला मांडी घालून बसायचं, याचं मला तंत्राहून जास्त अप्रूप आहे. शिवाय गिटारवाल्याचं खरं हत्यार म्हणजे कॉर्ड, एका वेळी चार-पाच स्वरांचा झणका. जॅझमध्ये खालचे कॉर्ड बदलत राहतात आणि वरचा वाजवणारा त्यांच्यातून वाट काढतो. शक्तीत त्याने ते बहुतेक बाजूला ठेवलं. आपल्याकडचा कोणता नावाजलेला कलाकार आपलं हुकमी हत्यार खाली ठेवून दुसऱ्याच्या अंगणात खेळायला जाईल?

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर एक मोठं गाव आहे. तिथे गाणं ऐकणाऱ्या मंडळींची एक बैठक भरायची. नाव सांगणार नाही. कुणाच्या तरी ओळखीने मला निरोप आला की पुढची बैठक 'माझ्या आवडीचं वादन' अशी आहे. ज्याने त्याने एक ध्वनिमुद्रण आणायचं, दोन शब्द बोलायचे आणि ऐकवायचं. परंड्याच्या मेकॅनिकला बोलावलं याचंच मला कौतुक वाटलं. मी तात्यांना बरोबर घेतलं. इस्त्रीचे कपडे घातले. कॅसेट जागेवर लावून ठेवली, म्हणजे तिथे पुढे-मागे करत बसायला नको. 'जॉय' पूर्ण अठरा मिनिटांचं आहे. इतका वेळ मिळणार नाही हे धरून मी मधला भाग काढून ठेवला होता, जिथून व्हायोलिन आणि गिटारचे सवाल-जवाब सुरू होतात.

आधी एका गृहस्थांनी सतार ऐकवली, मग एका बाईंनी शहनाई. दोन्ही उत्तम. माना डोलत होत्या, चहा फिरत होता. अध्यक्ष टेपच्या शेजारीच बसले होते, कारण टेप त्यांचा होता. वयाने मोठे, गाण्यातले जाणकार, सगळे त्यांना वाकून बोलत. माझी पाळी आली. मी म्हणालो की मी भजनात पखवाज वाजवतो, मला रागातलं फार कळत नाही, लयीतलं थोडं कळतं, म्हणून लयीचं आणलंय. नावं सांगितली. झाकीरचं नाव घेतल्यावर दोघे-तिघे सावरून बसले. मॅकलॉफ्लिनचं नाव माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं कोण जाणे, मागे कुणीतरी हसलं.

कॅसेट सुरू झाली. सवाल-जवाब कसे चालतात हे वाचणाऱ्याला माहीत असेलच. आधी लांब तुकडे, मग निम्मे, मग त्याच्या निम्मे, शेवटी एकेका मात्रेची देवघेव आणि मग दोघे मिळून समेवर. ऐकणाऱ्याचा श्वास त्या निमुळत्या होत जाण्यात अडकतो. माझा हात मांडीवर चालू होता. शेजारचा एक कॉलेजचा मुलगाही बोटांवर मोजायला लागला होता, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तुकडे लहान झाले होते. व्हायोलिनने एक अवघड प्रश्न टाकला, मात्रेच्या जरासा आधी सुरू होणारा, तिरका. आता गिटारचं उत्तर येणार.

आणि अध्यक्षांनी बटण दाबलं.

पॉज नाही, स्टॉप. खट्ट असा आवाज झाला. जुन्या टेपांचं स्टॉपचं बटण जोरातच बसतं.

"हे काय आणलंत, परंडेकर?" ते म्हणाले. रागाने नाही, हसून. त्यामुळे सगळे हसले. "पखवाज वाजवता म्हणता, आणि ही धावपळ आवडते तुम्हाला? हे लोक ताना मारतात, पण यांना समेचं सोयरसुतक नसतं."

मी म्हणालो, "साहेब, समच येत होती. दोन आवर्तनं राहिली होती. येऊ द्या."

"यांची कसली सम!"

पुन्हा हशा. मग त्यांनी कॅसेट काढली, माझ्या हातात दिली आणि पुढच्या गृहस्थांना बोलावलं. त्या गृहस्थांनी सरोद आणला होता. सरोद सुरू झाला आणि माझी मांडी अजून आधीचाच ठेका मोजत होती. दोन आवर्तनं मोजून झाली. समेवर माझा हात पडला, आणि तिथे काहीच नव्हतं, दुसऱ्याच रागाचा आलाप चालू होता.

मला काय बोललं गेलं याचं मला फारसं नाही. माझ्या दुकानात रोज कुणी ना कुणी मला अक्कल शिकवतं. टेप फेकून माणसं भांडली आहेत. 'परंडेकर' म्हणाले म्हणून काही झिजलो नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर गाणं ऐकलं, त्याने सवाल झाल्यावर आणि जवाब येण्याआधी बटण दाबावं? आवडलं नाही तर शेवटी सांगा. मधे उठून जा. समोर बसलेला गवई कितीही सुमार असला तरी त्याची तिहाई चालू असताना आपण उठत नाही, समेपर्यंत थांबतो आणि मग चप्पल शोधतो. ही साधी रीत आमच्या भजनातलं शेंबडं पोरही पाळतं. मग यंत्रातून येतंय आणि वाजवणारा गोरा आहे म्हणून ती रीत लागू नाही? आणि 'समेचं सोयरसुतक नाही' हा आरोप सम येण्याआधी दोन आवर्तनं! न्यायाधीशाने साक्षीदाराला उभं करायचं आणि तो तोंड उघडायच्या आत निकाल द्यायचा. त्या कॉलेजच्या मुलाचं बोट तसंच अर्ध्यावर राहिलं होतं. बाहेर चपला घालताना त्याने मला हळूच विचारलं, "पुढे काय होतं हो?" मी म्हणालो, "येतात दोघं समेवर." तो म्हणाला, "वाटलंच." त्या बैठकीत मला भेटलेला एकमेव श्रोता तो.

परतीच्या एस.टी.त बराच वेळ तात्या काही बोलले नाहीत. बार्शी मागे पडल्यावर म्हणाले, "एक सांगू का? राग मानू नको. मला बी नाही आवडत ते."

"का?"

"शबूद न्हाईत त्यात. आन् हाताला मुंग्या चावल्यागत वाजवतोय."

मी त्या रात्री तात्यांशी बोललो नाही. पण खरं सांगायचं तर अध्यक्षांपेक्षा तात्यांचं बरोबर होतं, कारण तात्यांनी ऐकून मग नापसंत केलं होतं.

अध्यक्षांसारखी जी मंडळी जॅझ हे आपल्याला परकं आहे असं समजतात, त्यांची मला मोठी गंमत वाटते. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, १९५१च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट नावाच्या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याला आणि त्याच्या बँडला घेतलं. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवणारा. भगवानदादांची ती पावलं त्या बाजावर पडली आणि गणपतीत आजही गावोगाव पडतात. म्हणजे जॅझचा बाज आमच्या बेंजो पार्टीपर्यंत कधीच येऊन पोहोचला होता. फक्त कुणी त्याला जॅझ म्हटलं नाही म्हणून तो चालला. आणखी एक सांगतो. शोभा गुर्टू, बेळगावच्या, ठुमरी-दादऱ्यातलं केवढं नाव. रेडिओवर त्यांचा आवाज लागला की मी हातातलं काम बाजूला ठेवायचो. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू मॅकलॉफ्लिनबरोबर वाजवायचा. या दोघांचा आणि बेस गिटारवाल्या काई एकहार्टचा नोव्हेंबर १९८९मधला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला कार्यक्रम रेकॉर्ड म्हणून निघालेला आहे. त्रिलोक जमिनीलगत गुडघ्यावर बसून तबला, ड्रम, झांजा, सगळं एकट्याने वाजवतो, आणि शेजारी पाण्याची बादली असते. झांज वाजवून त्या पाण्यात बुडवतो, आवाज वाकतो. मोबाइलवर हे पहिल्यांदा बघताना घरातून विचारणा झाली की बादलीचं काय बघताय एवढं. आईकडून ठुमरी आणि मुलाकडून हे. मला दोन्हीत एकच रक्त दिसतं. ठुमरीत बाई एकच शब्द दहा तऱ्हांनी विचारते. दुसरं काय असतं मग उपजेत?

आता थोडं विरुद्ध बोलतो. फ्यूजन म्हणून जे चालतं त्यातलं पुष्कळसं मलाही ऐकवत नाही. एक सतार, एक ड्रमवाला, खाली कीबोर्डचा धूर, दहा मिनिटं एकच धून आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गोंगाट. अध्यक्षांनी तसलं ऐकून कंटाळून बटण दाबलं असेल तर मी समजू शकतो. खुद्द मॅकलॉफ्लिनचंही सगळं मला पचलं नाही. शक्तीच्या आधी, १९७१पासून, त्याची महाविष्णू ऑर्केस्ट्रा होती. महाविष्णू हे नाव त्याच्या गुरूंनी, श्री चिन्मय यांनी दिलेलं. तिथे तो दोन दांड्यांची विजेची गिटार घेऊन उभा असतो आणि आवाज असा की माझ्या दुकानातले स्पीकर फाटले असते. 'बर्ड्‌स ऑफ फायर' मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा बंद केलं. होय, बंद केलं. पण माझ्या घरात, माझ्या टेपवर, आणि समोर कुणी पाहुणा ऐकवायला बसलेला नव्हता. आणि विलंबित आलापात, स्वराशी नुसतं बसून राहण्यात, तो आपल्या सतारियांच्या जवळही जात नाही. त्याच्याच्याने थांबवत नाही. वेग हा त्याचा गुण आहे की खोड, हे माझं अजून ठरलेलं नाही. एखाद्या रात्री वाटतं, अध्यक्ष म्हणाले ती धावपळच आहे. मग 'लोटस फीट' लागतं. पावणेपाच मिनिटांची साधी, संथ चाल, बोटांची कसलीच कसरत नाही. हाच का तो माणूस, असं वाटावं.

एकाच माणसाने किती ठिकाणी जावं, याला काही सुमारच नाही. डिसेंबर १९८०मध्ये पाको दे लुसिया या स्पॅनिश फ्लेमेंकोवाल्याबरोबर आणि अल दि मेओलाबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत तीन गिटारांचा कार्यक्रम. पुढे त्रिलोकबरोबरचं ते त्रिकूट. १९९७ला झाकीरबरोबर पुन्हा 'रिमेम्बर शक्ती', त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी. 'मुक्ती' नावाची त्यातली एक चीज तासाभराहून मोठी आहे. मग यू. श्रीनिवास मँडोलिनवर आला, विनायकरामांचा मुलगा सेल्वागणेश आला, शंकर महादेवन आले. डिसेंबर २०००मध्ये मुंबईत झालेल्या कार्यक्रमाची 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' ही सीडी निघाली, त्यात शिवकुमार शर्मांचं संतूर, देबाशिष भट्टाचार्यांची स्लाइड गिटार, शिवमणी, तौफिक कुरेशी, भवानीशंकरांचा पखवाज. पखवाज! ती सीडी मी तात्यांसाठी मुद्दाम लावली. शंकर महादेवन त्यात 'गिरिराज सुधा' ही त्यागराजांची कृती गातात. तात्या डोळे मिटून बसले. संपल्यावर म्हणाले, "हे चांगलं हाय. ह्यात शबूद हायेत." कृती संस्कृतात आहे. तात्यांना संस्कृत येत नव्हतं.

मी काही त्यांना समजावत बसलो नाही. मुलांना मात्र समजावतो. पखवाज शिकायला दोन-चार पोरं येतात, त्यांना मी शक्तीच्याच 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी'मधली पहिली चीज ऐकवतो. सुरुवातीला वाद्य नाहीच, झाकीर आणि विनायकराम तोंडाने बोल म्हणतात, दक्षिणेत त्याला कोनक्कोल म्हणतात. पुढे म्हातारपणी मॅकलॉफ्लिनने सेल्वागणेशबरोबर कोनक्कोल शिकवणारी डीव्हीडीच काढली. गिटारवाला, आणि तोंडाने बोल शिकवतोय! आमची पोरं बोल न म्हणता थेट वाद्यावर हात मारतात आणि एक तिहाई पाठ झाली की व्हिडिओ टाकतात. आधी तोंडातून निघू दे, मग हातातून निघेल, हे मी सांगून थकलो. त्यांना इंग्रजाच्या तोंडून पटलं तर पटू दे, माझी हरकत नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये शक्तीच्या 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळालं. आमच्याकडे आलेल्या पेपरात झाकीर आणि शंकर महादेवन यांचे फोटो मोठे होते आणि मॅकलॉफ्लिनचं नाव शोधावं लागलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, ज्याने पन्नास वर्षांपूर्वी ही मोट बांधली. आपली माणसं पुढे दाखवायची, हे मी समजतो. तरी बरं नाही वाटलं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर गेले. त्या दिवशी गावातल्या कितीतरी लोकांनी मला फोन केले, त्यांच्यातल्या बहुतेकांनी झाकीरना चहाच्या जाहिरातीपलीकडे ऐकलेलं नव्हतं. मी कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळी भजनाला गेलो.

टेपचं दुकान केव्हाच बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. साठची ती कॅसेट अजून आहे, पण पट्टीवरचा थर उडाला आहे आणि डाव्या बाजूचा आवाज जवळजवळ गेला. तिची गरजही राहिली नाही, सगळं मोबाइलवर फुकट मिळतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ऐकावंसं वाटलं तर 'जॉय'पासून सुरू करू नका, आधी 'लोटस फीट' ऐका. मग 'जॉय' घ्या, मांडीवर मात्रा मोजत, आणि अठरा मिनिटं हाताशी असतील तेव्हाच. त्यानंतर नाही आवडलं तर खुशाल नाही म्हणा. तात्या शेवटपर्यंत नाहीच म्हणाले आणि मला त्यांचा राग नाही. आणि गावोगावी ऐकण्याच्या बैठका घेणाऱ्यांना एक विनंती आहे: यंत्राजवळ अध्यक्षांना बसवू नका.